मुर्ध्याचे शेकाटे आणि दोन धाराव्या

परवा रविवारी सकाळी साडेसहाला भाईंदर पश्चिमेला उतरलो तर आभाळ गच्च भरलेलं. ऑक्टोबरातला परतीचा पाऊस, काय करेल सांगता येत नाही. मित्र म्हणाला, "पडलाच तर चहा पिऊन परत येऊ." उत्तनची बस पकडली आणि मुर्ध्याला उतरलो.

मिठागराच्या बांधावर चिखल असा, की दहा पावलांत माझा एक बूट रुतला. पण पक्षी होते! शेकाटे, तुतवार, वंचक, बगळे आणि एक खंड्या. बारीक भुरभुर चालूच. दुर्बीण पुसायची, दोन मिनिटं बघायचं, परत पुसायची.

शेकाट्याचे पाय लांब, तो खोल पाण्यात उभा राहतो. तुतवाराचे आखूड, त्याला काठचा चिखल लागतो. दोघं एकाच जागी कसे? तर मिठागरामुळे. उधाणाचं पाणी उघाडीतून आत घेतात, ते आधी मोठ्या कप्प्यात साठतं, मग एकेका उथळ कप्प्यात सोडतात. उन्हाने पाणी उडून जातं, खारटपणा वाढत जातो आणि शेवटच्या कप्प्यात मीठ धरतं. पावसाळ्यात काम बंद. म्हणजे माणसाने मिठासाठी पाण्याच्या पायऱ्या केल्या आणि पाखरांनी आपापल्या पायांच्या मापाने त्या वाटून घेतल्या.

आता थोडा इतिहास. हा सगळा पट्टा म्हणजे जुनं धारावी बेट. (झोपडपट्टीवाली धारावी नव्हे.) १५३४ साली गुजरातच्या बहादूरशाहाने वसई पोर्तुगीजांना दिली, तेव्हा हा भागही त्यांच्याकडे गेला. १७३९ मध्ये चिमाजीअप्पांच्या मोहिमेत आधी धारावी पडली, मग मे महिन्यात वसई. चौकला त्या किल्ल्याचे अवशेष अजून आहेत. १७७४ च्या डिसेंबरात इंग्रजांनी ठाण्याचा किल्ला घेतला आणि साष्टी त्यांच्या हाती गेली. पुढे त्यांनी मिठावर कर घेतला, त्यावरून १९३० चा सत्याग्रह झाला, हे शाळेत शिकलोच आहोत. एवढी राज्यं आली नि गेली, पण आगर माणसाच्या हातानेच पिकलं. आगरी हे नावच त्यावरून पडलं.

आता खरी मेख. २०१७ च्या केंद्राच्या पाणथळ जागांच्या नियमांत पाणथळीची जी व्याख्या आहे, तिच्यातून मिठासाठी बांधलेल्या जागा वगळल्या आहेत. का, तर त्या माणसाने बनवल्या! शेकाट्याला हे कोण सांगणार? आणि २०२४ च्या सप्टेंबरात त्या दुसऱ्या धारावीच्या पुनर्वसनासाठी मुंबईतल्या मिठागरांची सुमारे २५६ एकर जमीन घ्यायला राज्य मंत्रिमंडळाने मंजुरी दिली. लोकांना घरं हवीतच, त्यावर माझा वाद नाही. पण ही जमीन 'रिकामी' आहे असं जे म्हटलं जातं, ते काही पटत नाही.

साडेनऊला पाऊस कोसळलाच. टपरीवर एक आजोबा भेटले, तरुणपणी आगरावर राबलेले. म्हणाले, "मीठ पिकवणारा गेला की बांध कोण बघनार? बांध फुटला की खाडी आत, मग तिवरं."

भराव पडला तर इमारती, नाहीतर तिवरं. तिवरांनाही मोल आहेच, पण दोन्हीकडे शेकाट्याला उभं राहायला जागा नाही. पक्षी वाचवायचे तर आधी मीठ पिकवणारा टिकायला हवा, हे मला त्या दिवशी बांधावर कळलं.

असो. डिसेंबरात परत जाणार आहे. यायचं असेल तर जुने बूट घाला.