तोरणमाळचे माथेरान का झाले नाही?

सातपुड्याच्या माथ्यावर, समुद्रसपाटीपासून सुमारे ११४० मीटर उंचीवर तोरणमाळ वसले आहे. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथाचे मंदिर, महाशिवरात्रीची यात्रा. थंड हवेच्या ठिकाणाला जे लागते ते सारे येथे आहे. शहाद्याहून म्हसावद-राणीपूरमार्गे घाट चढून आलेल्या पाहुण्याच्या मनात मग एक हिशेब सुरू होतो. चार गुंठे जागा घ्यावी, दोन-तीन खोल्या बांधाव्यात, हंगामात त्या भाड्याने द्याव्यात.

पाहुणा बिगरआदिवासी असेल आणि जागा आदिवासीची असेल, तर हा हिशेब पहिल्याच ओळीत अडतो. त्यामागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास आहे.

आधी माथेरानकडे पाहू. १८५० मध्ये ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट याने ते डोंगरमाथे ‘शोधले’ (डोंगरावरच्या रहिवाशांना ते अर्थातच ठाऊक होते). महाबळेश्वर त्याआधी दोन दशके, माल्कमच्या कारकिर्दीत उभे राहिले होते. दोन्हीकडे सरकारने भूखंड पट्ट्याने दिले, मुंबई-पुण्याच्या धनिकांनी त्यांवर बंगले बांधले आणि हंगामापुरते बंगले भाड्याने देण्याचा व्यवसाय रुजला. मुंबई इलाख्यातील सुट्टीच्या घरांचा भाडेबाजार असा जन्मला.

तोरणमाळ ज्या अक्राणी महालात होते, तेथे असे काही घडले नाही. मुंबई दूर, घाट अवघड, पायथ्याचे जंगल हिवतापाचे. मात्र अंतर हे अर्धेच कारण आहे. उरलेले अर्धे घाटाखाली, शहादा-तळोद्याच्या काळ्या जमिनीत घडले.

१८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने कब्जेदाराचा हक्क वारसाने मिळणारा आणि हस्तांतरित करता येणारा ठरवला. शेतसारा भरणारा माणूस जमीन विकू शकतो, गहाण टाकू शकतो, पट्ट्याने देऊ शकतो, हा विचार कागदावर उदार होता. परंतु ज्या भिल्ल कुटुंबाला लिहिता-वाचता येत नव्हते आणि पेरणीच्या तोंडावर बियाण्यासाठी सावकाराच्या ओट्यावर बसावे लागत होते, त्याच्यासाठी हस्तांतराचे स्वातंत्र्य म्हणजे जमीन जाण्याची वाट ठरली. हे सरकारच्या लक्षात आले नाही असे नव्हे. १९०१ च्या दुरुस्तीने, विकता वा वाटता न येणाऱ्या जमिनीची नवी शर्त आणली. पण तोवर कितीतरी शिवार हातचे गेले होते.

येथे भाडेपट्ट्याकडे बारकाईने पाहावे लागते. विक्री उघड असते. पट्टा मात्र निरुपद्रवी भासतो. जमीन ‘एका सालापुरती’ कसायला द्यायची, मोबदल्यात धान्य वा उसनवारी घ्यायची. साल संपते, उसनवारी फिटत नाही, पट्टा पुढे सरकतो. काही वर्षांनी मूळ मालक त्याच शेतात सालदार म्हणून राबताना दिसतो. शहादा परिसरातील सालदारकीची ही एक मोठी वाट होती.

१९३६ मध्ये अक्राणी महाल, नवापूर पेठा आणि काठी, नाल, सिंगपूर आदी मेवासी प्रमुखांची गावे ‘अंशतः वगळलेले क्षेत्र’ म्हणून घोषित झाली. पुढे डी. सिमिंग्टन या अधिकाऱ्याने इलाख्यातील अशा क्षेत्रांची पाहणी केली. १९३९ च्या त्याच्या अहवालात सावकारी आणि वेठ यांचे जे चित्र आहे, ते वाचल्यावर ‘मागासलेपण’ हा शब्द फार सोयीचा वाटू लागतो.

स्वातंत्र्यानंतर एक विलक्षण उलथापालथ झाली. १९४८ च्या कूळकायद्यातील सुधारणेनुसार १ एप्रिल १९५७ हा ‘कृषक दिन’ ठरला. कसणारे कूळ त्या दिवसापासून जमिनीचे खरेदीदार मानले गेले. कोकणात वा देशावर हा न्याय होता, कारण तेथे जमीनदार सबळ आणि कूळ दुर्बळ होते. पण जेथे जमिनीचा मालक भिल्ल आणि पट्ट्याने कसणारा सधन बिगरआदिवासी, तेथे दुर्बळासाठी रचलेला कायदा सबळाच्या कामी येऊ शकत होता. भाडेकरू मालक झाला. मालक मजूर झाला.

हा असंतोष १९७१-७२ मध्ये शहाद्यात उफाळला. अंबरसिंग महाराज सुरतवंती यांचे नेतृत्व आणि १९७२ मध्ये उभी राहिलेली श्रमिक संघटना यांनी गेलेल्या जमिनीचा प्रश्न चव्हाट्यावर आणला.

१९७४ मध्ये विधिमंडळाने दोन पावले उचलली. पहिले मागे पाहणारे होते. आदिवासींना जमिनी परत करण्याच्या अधिनियमाने १ एप्रिल १९५७ ते ६ जुलै १९७४ या काळातील हस्तांतरे तपासायला घेतली. प्रारंभाची तारीख कृषक दिनाचीच आहे, हा योगायोग नव्हे. कुळाच्या नात्याने झालेली खरेदीही या कायद्याच्या कक्षेत आली. जमीन परत घेताना आदिवासीने साऱ्याच्या ४८ पट किंवा मूळ मोबदला यांपैकी कमी असेल ती रक्कम आणि केलेल्या सुधारणांची किंमत द्यायची होती. परंतु ६ जुलै १९७४ पर्यंत ज्या जमिनीचा बिगरशेती वापर सुरू झाला होता, ती वगळली गेली. ज्याने वेळेत घर वा गोदाम बांधले, तो सुटला. अधिनियमाला आव्हान दिले गेले, पण १९८४ मध्ये लिंगप्पा पोचन्ना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो वैध ठरवला.

दुसरे पाऊल पुढे पाहणारे: जमीन महसूल संहितेतील कलम ३६-अ. विक्री, दान, अदलाबदल, गहाण यांच्या रांगेत ‘भाडेपट्टा’ हा शब्द बसवला गेला. आदिवासीची जमीन बिगरआदिवासीला पट्ट्याने वा गहाण द्यायची तर जिल्हाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी हवी, आणि मुदत ५ वर्षांपेक्षा अधिक नको. विक्रीसारख्या व्यवहारांना त्यावर शासनाची मान्यताही हवी. मुदत संपल्यावर जिल्हाधिकारी स्वतःहूनही ताबा मूळ मालकाला परत देऊ शकतात. सालोसाल सरकणाऱ्या त्या जुन्या पट्ट्याला दिलेले हे नेमके उत्तर होते.

पाच वर्षांच्या पट्ट्यावर विश्रामगृह बांधणे कोणत्याही गुंतवणूकदाराला परवडत नाही. अक्राणी तालुका १९८५ च्या आदेशानुसार अनुसूचित क्षेत्र आहे. १९९६ च्या पेसा कायद्याने जमिनीचे अन्यसंक्रमण रोखण्याचे अधिकार गावपातळीवर आणले, आणि २००६ च्या वनहक्क कायद्याखाली मिळालेली जमीन वारसाने जाते, पण विकता येत नाही.

या कायद्यांची किंमतही आहे. जी जमीन मुक्तपणे विकता येत नाही, तिच्यावर बँक सहज कर्ज देत नाही. म्हणजे पर्यटकांसाठी खोल्या बांधू पाहणाऱ्या स्थानिक तरुणाचीही वाट अरुंद होते. तरी तोरणमाळचा पावरा वा भिल्ल रहिवासी स्वतःच्या घरात खोली बांधून पाहुण्याला रात्रीपुरती देतो, तेव्हा जमिनीचा कब्जा कोणाकडेही जात नाही. मुंबईच्या धनिकाने माथेरानात दीडशे वर्षांपूर्वी सुरू केलेला व्यवसाय येथे सुरू करायचा, तर पहिला हक्क त्याचाच आहे.