वासाचा इतिहास

इतिहास आमच्या डोक्यात कधी शिरला नाही; शिरला तो नाकातून. झाले असे, की सिंगापूरला भाचीकडे गेलो आणि तिथल्या रेल्वेत पाटी पाहिली : धूम्रपान करू नये, ज्वालाग्राही पदार्थ नेऊ नयेत, ड्यूरियन नेऊ नये. पेट्रोलच्या पंक्तीला बसलेले फळ मी जन्मात प्रथमच पाहिले.

"मामा, खाऊन तर बघा. आपल्या फणसासारखंच असतं," भाची म्हणाली.

हे साफ खोटे! काटेरी अंगरखा सोडला तर नाते काही नाही. मलाय भाषेत 'दुरी' म्हणजे काटा, त्यावरून हे नाव. कूळ म्हणाल तर भेंडी, कापूस आणि जास्वंदीचे. शास्त्रीय नाव 'ड्यूरिओ झिबेथिनस'. त्यातला उत्तरार्ध जवादी मांजरावरून आलेला. बारसे करणाऱ्याचे नाक शाबूत होते, एवढे नक्की.

आपल्याकडेही ही बातमी जुनीच. 1563 साली गोव्यात छापलेल्या गार्सिया द ओर्ताच्या औषधींवरील संवादग्रंथात हे फळ हजर आहे, आणि तेही एकाच संवादात धोत्र्याच्या शेजारी!

पुढे आल्फ्रेड रसेल वॉलेस हा निसर्गशास्त्रज्ञ 1854 ते 1862 त्या बेटांवर हिंडला. मलाक्केला घरात वास आला तेव्हा त्याला फळ तोंडाला लाववेना. मग बोर्निओत झाडाखाली पडलेले पिकले फळ उघड्यावर खाल्ले आणि गडी कायमचा भक्त झाला. 1869 च्या ग्रंथात त्याने चवीत बदामी कस्टर्ड, चीज, कांद्याचा सॉस आणि शेरी एवढे सगळे शोधून काढले. म्हणजे फळ तेच, नाक तेच. फक्त भिंती नव्हत्या.

इथे मात्र मला आमचे अण्णा आठवले. दर मे महिन्यात राजापूरहून एस.टी.च्या टपावर फणस टाकून ते पुण्याला येत. 1978 साली आमचे साहेब चहाला यायचे होते, म्हणून मी तो फणस जिन्याखाली ठेवला. अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षी हात हलवीत आले. "यंदा धरलाच नाही रे," म्हणाले. नंतर गावी गेलो तेव्हा शेजारी सांगत होते, त्या साली बुंधा दिसत नव्हता इतके फणस लागले होते.

भाचीने मला रस्त्यावरच्या टपरीशी बाकावर बसवले आणि गरा हातात दिला. पहिला घास गोड, दुसरा कांद्याचा, तिसरा कशाचा ते कळेपर्यंत गरा संपला. मी दुसरा मागितला.

"मामा, डोळ्यांना पाणी आलं? वासाने का?"

"हो गं," मी म्हणालो, "वासानेच."