दोन मोजण्या, एक जमीन

विल्यम लॅम्ब्टन १८२३ साली हिंगणघाट येथे निवर्तला, तेव्हा १८०२ मध्ये मद्रासजवळ मोजलेल्या पायारेषेपासून निघालेली त्रिकोणांची मालिका मध्य भारतात येऊन पोचली होती. जॉर्ज एव्हरेस्टने ती पुढे हिमालयाच्या पायथ्याशी नेली. १८३० सालचे त्याचे पृथ्वीच्या आकाराचे गणित आणि सिरोंजजवळील कल्याणपूरचा आरंभबिंदू, यांवर आपले नकाशे दीड शतकाहून अधिक काळ विसंबून राहिले.

या गणितात पृथ्वीची विषुववृत्तीय त्रिज्या आज उपग्रहमापनात वापरल्या जाणाऱ्या ६३,७८,१३७ मीटरांहून सुमारे ८६० मीटरांनी कमी आहे. यास अज्ञान म्हणणे अन्यायाचे होईल. तो आकार भारतातील मोजणीवर बेतलेला होता आणि भारतापुरता चांगला जुळतो. उपग्रहांचे गणित मात्र अवघ्या पृथ्वीच्या केंद्राशी बांधलेले असते. परिणामी तेच अक्षांश-रेखांश दोन्ही पद्धतींत वाचले, तर अनेक ठिकाणी शंभर मीटरांहून अधिक अंतर पडते. २००५ च्या राष्ट्रीय नकाशा धोरणाने नागरी वापराचे नकाशे डब्ल्यूजीएस-८४ या जागतिक पद्धतीवर आणले, हे योग्यच झाले.

परंतु शेताची हद्द या नकाशांवर कधी नव्हतीच. ती महसूल खात्याच्या गावनकाशावर होती. मुंबई इलाख्यात १८३५ च्या सुमारास इंदापुरी गोल्डस्मिड व विंगेट यांनी ज्या पद्धतीचा पाया घातला, तीत मोजणी साखळीने होई. ३३ फुटांची, सोळा आण्यांची साखळी. तिचा चौरस म्हणजे एक गुंठा. (परप्रांतात राहूनही आपण जमिनीचा भाव गुंठ्यावरच विचारतो!) सरकारला सारा हवा होता, म्हणजे क्षेत्रफळ हवे होते, पृथ्वीवरील स्थान नव्हे.

आज सर्व्हे ऑफ इंडियाची कॉर्स संदर्भकेंद्रे उपग्रहांचे संकेत अहोरात्र टिपतात, आपल्या ज्ञात स्थानाशी ताडून त्यांतील त्रुटी काढतात आणि ती दुरुस्ती शेतात उभ्या असलेल्या यंत्रास इंटरनेटवरून पोचवतात. काही सेंटिमीटरांपर्यंत अचूकता साधते. ही अचूकता अर्थातच त्या केंद्राच्या पद्धतीतील व ठरावीक वर्षाच्या संदर्भातील असते. भारतीय भूपट्ट वर्षाला सुमारे पाच सेंटिमीटर ईशान्येस सरकतो. वीस वर्षांत ही सरक एक मीटर होते. शेजारी-शेजारी दोन बांध वेगवेगळ्या संदर्भवर्षांत नोंदले, तर कागदावर एक पट्टी उगाच निर्माण होते. भूसंपादनाच्या मोबदल्यात अशा पट्टीला किंमत असते, आणि तंटाही.

म्हणून मोजणीच्या प्रत्येक नोंदीवर संदर्भपद्धती व संदर्भवर्ष छापलेले असावे, असे माझे मत आहे. गावनकाशा उपग्रहाच्या पद्धतीत बसवताना जुने हद्दीचे दगड शोधावे लागतात. ते जिथे आहेत तिथे गणित पुरते. जिथे नांगराखाली वा रस्त्याखाली गेले, तिथे नकाशा कसा फिरवावा व किती ताणावा हा निवाड्याचा विषय होतो, आणि तो एकट्या भूमापकाने संगणकापुढे बसून करू नये. लगतच्या खातेदारांना नोटीस देऊन, त्यांच्यासमक्ष व्हावा.