नसलेल्या डिस्कवरची जागा

सीप्झच्या नावातला 'एस' सांताक्रूझचा. १९७३ साली सांताक्रूझ इलेक्ट्रॉनिक्स एक्स्पोर्ट प्रोसेसिंग झोन निघाला; पण रिक्षावाल्याला सीप्झ म्हटलं की तो नेणार अंधेरी पूर्वेला. पत्ता एकीकडचा, जागा दुसरीकडे. आजचा विषय हाच आहे. त्याच सीप्झमध्ये पुढे टाटा-बरोज आली, आणि बरोजच्या १९६१ च्या बी ५००० मध्ये व्हर्च्युअल मेमरी होती.

१९६२ मध्ये मँचेस्टरला ॲटलस सुरू झाला. मुख्य मेमरी १६ हजार शब्दांची, शेजारी फिरता ड्रम ९६ हजारांचा. प्रोग्रॅम लिहिणाऱ्याला मात्र सगळी एकच सलग मेमरी दिसायची. १९७२ मध्ये आयबीएमने व्हीएम/३७० जाहीर करून अख्खं यंत्रच आभासी केलं: मेनफ्रेम एक, पाहुणे अनेक.

२००० च्या सुमारास या पाहुण्यांत लिनक्स आलं. त्याचा स्वभाव असा, की मिळालेली मेमरी रिकामी ठेवायची नाही, फाइलींच्या प्रतींनी भरायची. स्वतःच्या बंगल्यात हे शहाणपण. चाळीत शेजाऱ्यांनी काय करायचं? म्हणून त्याला मुद्दाम बेताची मेमरी द्यायची आणि अडीअडचणीला स्वॅप द्यायचा 'व्हीडिस्क'वर. आता ही व्हीडिस्क म्हणजे डिस्कच नव्हे, यजमानाचीच मेमरी! मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो. मेमरी कमी पडते म्हणून मेमरीच देता, तर आधीच का देत नाही?

उत्तर साधं आहे. व्हीडिस्क कितीही मोठी सांगा, तिच्यावर काही लिहीपर्यंत ती जवळजवळ जागा खात नाही. खरी गोम पुढे आहे. लिनक्सने स्वॅपमधलं पान सोडून दिलं, तरी ते यजमानाला कळत नाही. एकदा लिहिलेली जागा त्याच्या हिशेबी भरलेलीच. फार टंचाई झाली तर यजमान ती पानं स्वतःच्या खऱ्या डिस्कवर ढकलतो, म्हणजे स्वॅपचाही स्वॅप. म्हणून जाणकार एक मोठी व्हीडिस्क देत नाहीत. एक छोटी, वरच्या प्राधान्याची. तीच पुन्हापुन्हा वापरली जाते. मोठी तिच्यामागे, सहसा हात न लागणारी.

पाहुणा लॉगऑफ झाला की व्हीडिस्क नाहीशी. पुढच्या वेळी ती कोरीच मिळते, स्वॅपची खूण पुन्हा घालावी लागते. ती राहिली तरी लिनक्स बिनबोभाट सुरू होतं. कळतं ते गर्दीच्या वेळी.