दात दुखायच्या आधीची गोष्ट

आजचा इतिहास माझ्याच तोंडापासून सुरू होतो.

दोन वर्षांपूर्वी मी ऑनसाइटला होतो, अमेरिकेत कनेक्टिकट राज्यातल्या हार्टफर्डला. ब्रश करताना हिरड्यांतून रक्त यायचं. दुखत नव्हतं, म्हणून मी काय केलं? त्या बाजूला ब्रश लावणंच सोडलं! शेवटी इन्शुरन्समध्ये क्लीनिंग फुकट होतं म्हणून गेलो. वाटलं, डॉक्टर येतील. आल्या त्या हायजिनिस्ट. दात-हिरड्या साफ करणं आणि ते निरोगी कसे ठेवायचे हे शिकवणं, याचं शिक्षण आणि लायसन्स असलेल्या बाई.

आणि गंमत बघा, हा पेशा जन्मला त्याच राज्यात, ब्रिजपोर्ट शहरात. तिथले दंतवैद्य डॉ. आल्फ्रेड फोन्स यांचं म्हणणं होतं की दात किडल्यावर धावण्यापेक्षा आधीच साफ ठेवले तर? १९०६ मध्ये त्यांनी आपल्या असिस्टंट आयरीन न्यूमन यांना हे काम शिकवलं. आधी काढलेल्या दातांवर सराव, मग पेशंट. १९१३ मध्ये फोन्स यांनी चक्क आपल्या गॅरेजमध्ये शाळा काढली. तिथून शिकलेल्या बायका ब्रिजपोर्टच्या शाळांमध्ये जाऊन मुलांचे दात साफ करू लागल्या, ब्रश धरायला शिकवू लागल्या. १९१७ मध्ये आयरीन जगातल्या पहिल्या लायसन्सधारक हायजिनिस्ट झाल्या.

नावामागेही विचार होता. 'डेंटल नर्स' हे नाव फोन्स यांना नको होतं. नर्स म्हटलं की आजार आठवतो. त्यांना आरोग्य आठवायला हवं होतं.

आता माझी खुर्ची. बाईंनी आधी औषधं, सवयी, घरच्यांचे दात, सगळं विचारलं. मग बारीक खुणांची सळई हिरडी आणि दाताच्या फटीत घालून आकडे सांगू लागल्या. दोन, तीन, दोन... पाच! मिलिमीटर. तीनपर्यंत ठीक, पुढे काळजी. मग स्केलिंग: कंप पावणारं टोक, पाण्याचा फवारा, थोडी कळ. शेवटी पॉलिश.

'साफ केले की दात हलतात', असं आमच्या घरी म्हणतात. मी ते विचारलंच. त्या म्हणाल्या, दात हलतात ते हाड झिजल्यामुळे. कीटण दातांना चिकटून फटी बुजवतं. ते निघालं की आधीचीच फट दिसते. हिरडीची सूज बरी होते, पण झिजलेलं हाड सहसा आपोआप परत येत नाही.

तेव्हा मला बाबा आठवले. एकही दात किडलेला नव्हता, तरी पन्नाशीत कवळी. हिरड्यांतून रक्त त्यांच्याही यायचं. दुखत नव्हतं, म्हणून कोणी बघितलंच नाही.

आपल्याकडे १९४८ च्या डेंटिस्ट्स अ‍ॅक्टमध्ये हायजिनिस्टचा उल्लेख होता, पण बहुतेक क्लिनिकमध्ये हे काम डॉक्टरच करतात. हरकत नाही, त्यांच्याकडे जा. फक्त विचारा, 'माझ्या हिरड्यांचे आकडे किती?'

माझा पाच आता तीनवर आलाय. रक्त येतं तिथेच हलक्या हाताने ब्रश करायचा असतो, हे कळायला मला हार्टफर्ड गाठावं लागलं. तुम्ही आजच करा.

भेटू पुढच्या भागात!