मास्टरिंग स्टुडिओतील अ‍ॅनालॉग जोडणी

मास्टरिंग स्टुडिओतील अ‍ॅनालॉग जोडणी : मिक्सिंग पूर्ण झालेल्या ध्वनिमुद्रणावर प्रकाशनापूर्वी जो अखेरचा संस्कार होतो, त्यास मास्टरिंग म्हणतात. या कामातील इक्वलायझर, कंप्रेसर, लिमिटर, टेप यंत्र, परिवर्तक व श्रवणव्यवस्था एकमेकांना जोडण्याची पद्धत आणि त्यासाठी लागणाऱ्या केबली, प्लग, स्विच व अर्थिंग यांचा विचार या नोंदीत केला आहे. मिक्सिंगच्या दालनात डझनावारी वाहिन्या असतात. मास्टरिंगमध्ये बहुधा डावी व उजवी अशा दोनच. तारा थोड्या असल्या तरी प्रत्येक तारेतून संपूर्ण गाणे जाते आणि यानंतर चूक सुधारण्याचा टप्पा उरत नाही. त्यामुळे ध्वनीत जो बदल व्हायचा तो अभियंत्याने ठरवून, उपकरणाकडून व्हावा. जोडणीने आपली भर घालू नये, हे या व्यवस्थेचे मुख्य सूत्र होय.

पार्श्वभूमी : ही व्यवस्था ग्रामोफोन तबकडी कोरण्याच्या कामातून घडली. तबकडीवरील खाचांमधले अंतर आवाजाच्या जोराप्रमाणे कमीजास्त करावे लागते. त्यासाठी टेप यंत्रावर मुख्य शीर्षाच्या आधी एक पूर्वश्रवण शीर्ष बसवीत. त्यावरून येणारा संकेत कोरणयंत्राला पुढे येणाऱ्या जोराची आगाऊ सूचना देई, तर मुख्य शीर्षाचा संकेत प्रत्यक्ष खाच कोरी. दोन्ही संकेतांवर एकच संस्कार झाला नाही तर शेजारच्या खाचा एकमेकींत घुसण्याचा धोका असे. म्हणून प्रत्येक उपकरणाचे दोन जुळे संच लागत आणि त्यांची बटणे तंतोतंत जुळावीत यासाठी सलग फिरणाऱ्या बटणांऐवजी टप्प्याटप्प्याने फिरणारे स्विच वापरले जात. पश्चिम जर्मनीतील न्यूमन कंपनीची व्हीएमएस ७० व व्हीएमएस ८० ही कोरणयंत्रे आणि त्यांच्या जोडीचे एसपी ७९ हे कन्सोल याच रचनेचे होते. डिजिटल विलंबयंत्रे आल्यावर दुसऱ्या संचाची गरज संपली. टप्प्यांचे स्विच मात्र टिकले, कारण जुन्या कामाची मांडणी त्यामुळे कागदावरच्या नोंदीवरून पुन्हा हुबेहूब लावता येते.

रीन नार्मा यांनी १९५० च्या दशकात रचलेला फेअरचाइल्ड ६७० हा लिमिटरही मूळचा कोरणकामासाठीच होता. २० निर्वात नलिका, ११ ट्रान्सफॉर्मर आणि सुमारे ३० किलो वजन असलेल्या या यंत्रात डावी-उजवी बाजू स्वतंत्र हाताळण्याबरोबरच खाचेची आडवी व उभी हालचाल वेगवेगळी आवरण्याची सोय होती.

संकेताचा मार्ग : आजच्या प्रचलित मांडणीत संगणकातील ध्वनी डिजिटल-अ‍ॅनालॉग परिवर्तकातून बाहेर पडतो, एकामागून एक उपकरणांतून जातो आणि अ‍ॅनालॉग-डिजिटल परिवर्तकातून पुन्हा संगणकात शिरतो. मधल्या उपकरणांचे नियंत्रण मास्टरिंग कन्सोलकडे असते. मिक्सिंगच्या कन्सोलसारख्या फेडरांच्या रांगा यावर नसतात. प्रवेश व निर्गम पातळी, प्रत्येक उपकरण मार्गात घेण्याचे किंवा वगळण्याचे बटण आणि श्रवणाची निवड एवढाच त्याचा पसारा. बटण दाबल्यावर संकेत बंद कवचातील रिलेमधून वळवला जातो. कोणतेच उपकरण मार्गात नसताना आलेला व गेलेला संकेत सारखाच असला पाहिजे.

उपकरणांचा क्रम ठरलेला नसतो. कंप्रेसरच्या आधी इक्वलायझर ठेवल्यास खर्जातील वाढ कंप्रेसरला अधिक काम करायला लावते. नंतर ठेवल्यास तो परिणाम टळतो. म्हणून दोन उपकरणांची अदलाबदल करणारे बटण अनेक कन्सोलवर असते. बेरीज-वजाबाकीचे मंडलही तितकेच उपयोगी आहे. डाव्या-उजव्या संकेतांची बेरीज म्हणजे मध्य आणि वजाबाकी म्हणजे बाजू. दोन्हींवर वेगळा संस्कार करून त्यांचे पुन्हा डावे-उजवे करता येते. स्टिरिओ तबकडीत बेरीज ही खाचेची आडवी हालचाल असते आणि वजाबाकी ही उभी, म्हणून कोरणकामात या मंडलाला विशेष महत्त्व आहे.

संस्कार केलेला व न केलेला आवाज यांची तुलना करताना दोन्हींची पातळी सारखी करावी लागते. थोडा मोठा आवाज बहुतेकांना अधिक चांगला वाटतो, आणि ती फसगत टाळण्यासाठी श्रवणमार्गात स्वतंत्र पातळीनियंत्रण ठेवतात.

पातळी : व्यावसायिक उपकरणांची नाममात्र पातळी +४ डीबीयू, म्हणजे १.२२८ व्होल्ट असते. घरगुती उपकरणांची −१० डीबीव्ही, म्हणजे ०.३१६ व्होल्ट. दोहोंत ११.८ डेसिबलचा फरक पडतो. घरगुती यंत्र व्यावसायिक साखळीत तसेच जोडले तर एका दिशेला आवाज क्षीण होऊन खरखर वर येते आणि दुसऱ्या दिशेला प्रवेशमंडल विकृत होते.

डिजिटल व अ‍ॅनालॉग पातळ्यांची सांगड वेगवेगळ्या प्रथांनी घातली जाते. युरोपातील ईबीयू आर ६८ या शिफारशीनुसार −१८ डीबीएफएस म्हणजे ० डीबीयू, तर अमेरिकेतील एसएमपीटीई आरपी १५५ नुसार −२० डीबीएफएस म्हणजे +४ डीबीयू. पहिल्या प्रथेत डिजिटल कमाल मर्यादा +१८ डीबीयूला आणि दुसऱ्या प्रथेत +२४ डीबीयूला येते. परिवर्तक +२४ वर बसवला असेल आणि साखळीतील इक्वलायझर +२० डीबीयूलाच थकत असेल, तर मीटरवर ४ डेसिबल शिल्लक दिसत असतानाच आवाज फाटू लागतो. म्हणून साखळीची कमाल क्षमता तिच्यातील सर्वांत कमी क्षमतेच्या उपकरणावरून ठरवून परिवर्तकाची पातळी त्यानुसार लावतात.

इम्पीडन्स : प्रत्यावर्ती विद्युत् प्रवाहाला होणाऱ्या एकूण विरोधाला संरोध किंवा व्यवहारात इम्पीडन्स म्हणतात. दूरध्वनीच्या लांबलचक तारांसाठी रूढ झालेली ६०० ओहमची पद्धत सुरुवातीच्या ध्वनिमुद्रण उपकरणांनी उचलली. तीत पाठवणाऱ्या व घेणाऱ्या टोकांचा इम्पीडन्स समान असे आणि व्होल्टता निम्मी, म्हणजे ६ डेसिबलने कमी होई. आधुनिक उपकरणांत निर्गम इम्पीडन्स साधारण ५० ते १५० ओहम आणि प्रवेश इम्पीडन्स १० किलोओहम किंवा अधिक असतो. १०० ओहमचा निर्गम १० किलोओहमच्या प्रवेशाला जोडल्यास घट ०.०९ डेसिबलहून कमी राहते.

पल्टेक इक्यूपी-१ए सारखी ट्रान्सफॉर्मरयुक्त जुनी यंत्रे ६०० ओहमच्या जगातली आहेत. अशा यंत्रांपैकी काहींच्या निर्गमावर अपेक्षित भार नसेल तर वरच्या कंप्रतांचे स्वरूप बदलते. त्यावर उपाय म्हणून पुढील प्रवेशाला समांतर सुमारे ६०० ओहमचा रोधक जोडतात. मात्र हा रोधक प्रत्येक यंत्राला सरसकट लावायचा नसतो. यंत्राच्या परिपथाचा नकाशा पाहूनच निर्णय घ्यावा लागतो.

केबलची धारिताही इम्पीडन्सच्या संदर्भातच महत्त्वाची ठरते. दर मीटरला १०० पिकोफॅरडच्या हिशेबाने १० मीटर केबलची धारिता १ नॅनोफॅरड होते. १०० ओहमच्या निर्गमाशी तिची छेदकंप्रता सुमारे १.६ मेगाहर्ट्झ, म्हणजे श्राव्य मर्यादेच्या कितीतरी पलीकडे येते. हीच केबल १० किलोओहम निर्गम असलेल्या निष्क्रिय व्हॉल्यूम नियंत्रकापुढे लावली, तर छेदकंप्रता १६ किलोहर्ट्झपर्यंत उतरते आणि आवाजातील चकाकी जाते. निष्क्रिय नियंत्रकानंतरची केबल आखूड ठेवण्याचे कारण हेच.

संतुलित जोडणी : दोन तारा एकमेकींभोवती पिळून बाहेरचा विद्युत् उपद्रव कमी करण्याच्या युक्तीचे पेटंट अलेक्झांडर ग्रॅहम बेल यांना १८८१ मध्ये मिळाले. संतुलित ध्वनिकेबलीत अशी पिळाची जोडी व तिच्याभोवती तांब्याचे आवरण असते. उपद्रव दोन्ही तारांवर सारखा उमटतो आणि घेणारे मंडल दोहोंतील फरकच उचलत असल्याने तो वजा होतो. हे साधण्यासाठी दोन्ही तारांवर उलटसुलट संकेत असलाच पाहिजे असे नाही. दोन्ही बाजूंचा जमिनीशी असलेला इम्पीडन्स समान असणे ही खरी अट आहे. म्हणून एकाच तारेवर संकेत असूनही काही उपकरणांची जोडणी संतुलित ठरते. चार तारांच्या स्टार-क्वाड केबलीत चुंबकीय उपद्रव आणखी घटतो, पण तिची धारिता अधिक असते.

एक्सएलआर प्लगमध्ये पिन १ आवरणाला, पिन २ धन बाजूला आणि पिन ३ ऋण बाजूला जोडतात. एईएस१४-१९९२ या मानकाने हा क्रम निश्चित केला. त्यापूर्वीच्या काही अमेरिकी यंत्रांत पिन ३ धन असे, त्यामुळे जुने यंत्र साखळीत घेताना ध्रुवता तपासावी लागते. एकाच वाहिनीची ध्रुवता उलटली तर दोन्ही वाहिन्या एकत्र ऐकताना खर्ज नाहीसा होतो आणि तबकडी कोरताना खाचेची उभी हालचाल बेसुमार वाढते.

संतुलित निर्गम असंतुलित प्रवेशाला जोडताना निर्गमाची जात पाहावी लागते. ट्रान्सफॉर्मर असल्यास पिन ३ आवरणाला जोडतात. दोन्ही पिनांना स्वतंत्र विवर्धक असल्यास पिन ३ सहसा मोकळी ठेवतात, कारण ती जमिनीला भिडवल्यास त्या विवर्धकावर ताण येतो. अशा जोडणीत पातळी ६ डेसिबलने घटते.

अर्थिंग आणि गुणगुण : दोन यंत्रे वीजपुरवठ्याच्या अर्थ तारेने आणि केबलच्या आवरणाने अशी दोन वाटांनी जोडली गेली की बंद वेटोळे तयार होते. त्यातून वाहणारा क्षीण प्रवाह ध्वनिमार्गात शिरला की भारतात ५० हर्ट्झ व त्याच्या पटीतील, उत्तर अमेरिकेत ६० हर्ट्झ व त्याच्या पटीतील गुणगुण ऐकू येते. पुष्कळ यंत्रांत पिन १ धातूच्या पेटीला न जोडता आतल्या मंडलाच्या जमिनीला जोडलेली असे. त्यामुळे आवरणातील प्रवाह थेट विवर्धकात शिरतो, हा दोष नील मन्सी यांनी १९९५ मध्ये तपशिलाने मांडला. पिन १ थेट पेटीलाच जोडावी असे एईएस४८-२००५ हे मानक सांगते.

गुणगुण घालवण्यासाठी तीन पिनांच्या प्लगमधील अर्थ तोडणे हा जिवावर बेतणारा प्रकार आहे. यंत्राच्या पेटीत वीज उतरली तर ती अर्थवाटे निघून जावी व फ्यूज उडावा, यासाठी ती तार असते. योग्य उपाय म्हणजे सर्व ध्वनियंत्रांना एकाच फेजवरून व एकाच अर्थपट्टीवरून पुरवठा देणे, दिव्यांचे डिमर व वातानुकूलन यंत्र वेगळ्या मार्गावर ठेवणे आणि हट्टी ठिकाणी ध्वनिमार्गातच विलगक ट्रान्सफॉर्मर घालणे. भारतात इमारतीच्या अर्थिंगसाठी आयएस ३०४३ ही कार्यसंहिता लागू आहे. ध्वनिकेबली वीजवाहिन्यांपासून दूर नेतात. ओलांडणे भागच असेल तर काटकोनात ओलांडतात.

पॅचबे आणि प्लग : दूरध्वनी केंद्रातील जोडफलकावरून आलेल्या पॅचबेत ६.३५ मिलिमीटरचे किंवा ४.४ मिलिमीटरचे, बँटम नावाचे जॅक वापरतात. अर्ध-नॉर्मल पद्धतीत वरच्या रांगेत निर्गम व खालच्या रांगेत प्रवेश असतात. वर प्लग घातल्यास मूळ मार्ग चालू राहून संकेताची दुसरी शाखा मिळते. खाली घातल्यास मूळ मार्ग तुटतो. अनेक वाहिन्या एकत्र नेण्यासाठी २५ पिनांचा डी आकाराचा प्लग वापरतात. त्यात आठ संतुलित वाहिन्या बसतात. टॅस्कॅम कंपनीने रूढ केलेला त्यांचा पिनक्रम एईएस५९-२०१२ या मानकाने स्वीकारला. पॅचबेमुळे संपर्कबिंदू वाढतात, म्हणून अनेक मास्टरिंग स्टुडिओ तो टाळून उपकरणे थेट कन्सोलला जोडतात. मुंबई-गोव्यासारख्या किनारी, दमट हवेत उघड्या संपर्कांवर लवकर थर धरतो. तेथे प्लग ठरावीक काळाने काढून-घालून स्वच्छ करणे आवश्यक असते.

तपासणी : जोडणी पूर्ण झाल्यावर १ किलोहर्ट्झचा ठरलेल्या पातळीचा सूर पाठवून प्रत्येक टप्प्यावर व्होल्टता मोजतात. नंतर तोच सूर दोन्ही वाहिन्यांना देऊन त्यांची वजाबाकी ऐकतात. वाहिन्यांत ०.१ डेसिबलचा फरक असला तर शिल्लक संकेत मूळ सुराच्या सुमारे ३९ डेसिबल खाली राहतो. फरक जितका कमी, तितकी शिल्लक कमी. १०० हर्ट्झ व १० किलोहर्ट्झला हीच चाचणी केल्यावर भार किंवा धारितेचे दोष उघड होतात. अखेरीस संकेत बंद करून श्रवणपातळी वाढवतात आणि एकेक यंत्र मार्गात घेऊन गुणगुण कोठे वाढते ते पाहतात. प्रत्येक केबलच्या दोन्ही टोकांना क्रमांक लावून जोडणीचा नकाशा ठेवतात.

केबलचा दर्जा : शुद्ध तांबे, चांदीचा मुलामा व महागडी वेष्टने यांविषयी व्यवसायात मोठा वाद आहे. निर्गम इम्पीडन्स कमी, जोडणी संतुलित आणि लांबी काही मीटर असेल, तर चांगल्या व्यावसायिक केबली एकमेकींच्या जागी घातल्याने श्राव्य कंप्रतांच्या मोजमापात लक्षणीय फरक पडत नाही. सोल्डरचा कच्चा डाख, सैल प्लग, चुकीच्या ठिकाणी जोडलेले आवरण आणि न जुळलेली पातळी यांमुळे पडणारा फरक मात्र मोजताही येतो आणि ऐकूही येतो. म्हणून स्टुडिओ उभारताना खर्च व वेळ आधी या चार गोष्टींवर घालणे योग्य ठरते.