शके १५५२ चा दुष्काळ व तुकोबांचीं खतें

शके १५५२ च्या (इ. स. १६३०-३१) दुष्काळानें दख्खन व गुजराथ उजाड झाली. अब्दुल हमीद लाहोरीनें बादशहानाम्यांत त्याचें वर्णन केलें आहे. सुरतेहून आग्र्यास जातांना पीटर मंडीनेंहि तीच दैना पाहिली. देहूच्या वाण्याच्या घरीं काय घडलें, तें मात्र तुकोबा आपल्या अभंगांत स्वतःच सांगतात. द्रव्य गेलें, मान गेला, व्यापार बसला, एक स्त्री अन्नावांचून मेली.

पुढें त्यांनीं कुळांचीं खतें काढून निम्मीं धाकटे बंधु कान्होबा यांस दिलीं व आपल्या वाट्याचीं इंद्रायणींत सोडिलीं, असें महिपति सांगतो. त्याचें भक्तलीलामृत शके १६९६ चें, म्हणजे तुकोबांच्या निर्याणानंतर सव्वाशें वर्षांचें. तरीहि ही हकीकत आम्हांस निव्वळ टाकाऊ वाटत नाहीं. केवळ माहात्म्य वाढविणाऱ्यानें सगळींच खतें बुडविलीं असतीं. भावाचा हिस्सा राखण्याचा व्यवहार त्यास सुचता ना. देव पुरवील हा भरंवसा तुकोबांनीं धरिला, तो घरांत भुकेनें मृत्यु पाहिल्यानंतर, आणि हातचें येणें सोडून.

कागद नदींत गेले म्हणून हळहळणें हा आम्हां दप्तरें धुंडाळणारांचा स्वभावच आहे. त्या कुळांच्या घरीं मात्र कोणी हळहळलें नसेल.